ट्रस्टी बदलले, कर्ज तेच: करारातलं न्यायक्षेत्राचं कलम नव्या विश्वस्तांनी कसं वाचायचं

शाळेच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात आली तेव्हा आत तीन लिफाफे न फोडलेले होते. तिन्ही रजिस्टर पोस्टाचे, तिन्ही आमच्या जुन्या सचिवांच्या नावाने, आणि सर तर पाच महिन्यांपूर्वीच वारले होते. शिपायाने सही करून टपाल घेतलं, सरांचं आहे म्हणून जपून ठेवलं, त्या माणसाचं काहीच चुकलं नाही. एका लिफाफ्यात स्कूल बसच्या कर्जाबद्दल चेन्नईच्या लवादाची (कोर्टाबाहेर वाद निकाली काढायला नेमलेल्या पंचाची) नोटीस होती, तारीख होऊन गेलेली. आम्ही अंबाजोगाई तालुक्यातले, कर्ज घेतलं बीडच्या शाखेतून, बस फिरते आमच्या वाड्या-वस्त्यांवर, मग मधेच चेन्नई कुठून आली? करारातून आली, शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं आणि खाली आमच्या संस्थेचा शिक्का होता.

तेव्हापासून जवळपासच्या संस्थांचे नवे अध्यक्ष-सचिव काही ना काही कागद घेऊन येतात आणि जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, की सह्या जुन्या लोकांच्या आहेत, आम्ही तर आत्ता आलो, मग हे कलम आम्हाला लागू होतं का. म्हणून जेवढं शिकलो ते क्रमाने लिहितोय. तुमच्या केससाठी वकील लागेलच, पण वकिलाकडे जायच्या आधी स्वतःचे कागद स्वतः वाचलेले असले की निम्मं काम होतं.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. विश्वस्त बदलल्याने न्यायक्षेत्राचं कलम बदलत नाही. कर्ज संस्थेचं आहे, सही करणारा माणूस गेला, राजीनामा दिला, निवडणूक हरला तरी करार आहे तिथेच राहतो, आणि त्यातलं “वाद झाल्यास फक्त अमुक शहराची कोर्टं” हे वाक्यसुद्धा. ते बदलतं कधी, तर नव्या विश्वस्तांनी नव्या कागदावर सही केल्यावर. आणि ट्रस्टी बदलले की असा नवा कागद हमखास पुढे येतो. ते पुढे सविस्तर सांगतो, कारण लोक फसतात ते तिथेच.

आधी सगळे कागद एका ठिकाणी आणा

एकट्या करारावर भागत नाही. मंजुरीपत्र, मूळ करार, वाहन असेल तर त्याचं तारणखत, इमारत किंवा जमीन असेल तर गहाणखत, जामीनदारांचं हमीपत्र, संस्थेचा कर्ज घ्यायचा ठराव, आणि मधल्या काळात हप्ते पुनर्रचित केले असतील तर तो पुरवणी करार. शिवाय ट्रस्टने कर्ज घेताना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीचा विषय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६अ मध्ये येतो, त्यामुळे तसा आदेश फाइलीत आहे का तेही बघा. नसेल तर घाबरून फाइल बंद करू नका, वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा, कारण पुढे कर्जाच्या वैधतेबद्दल बोलायची वेळ आली तर तो कागद असणं आणि नसणं दोन्ही महत्त्वाचं ठरतं.

आता हे सगळे कागद समोर ठेवून पेन्सिलने प्रत्येकातलं न्यायक्षेत्राचं वाक्य अधोरेखित करा. आमच्याकडे करारात चेन्नई होतं, हमीपत्रात मुंबई होतं आणि मंजुरीपत्रात काहीच नव्हतं. एकाच कर्जाचे तीन कागद, तिन्हींची भाषा वेगळी! हे आम्हाला आधी कळलं असतं तर पहिल्याच उत्तरात मांडता आलं असतं. कराराची प्रत तुमच्याकडे नसेल तर शाखेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनवर मागितलेली प्रत वर्षभर येत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

कागदावर तुम्ही कोण आहात ते पक्कं करा

निवड झाली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अहवाल, द्यावा लागतो, त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली. आपल्याकडे हे काम “बघू, ऑडिटच्या वेळी करू” असं म्हणून राहून जातं आणि मग शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यावर दहा वर्षांपूर्वीची नावं दिसतात, त्यातले दोघं हयात नसतात. कायद्याच्या दृष्टीने तुमची निवड ज्या दिवशी नीट झाली त्या दिवसापासून तुम्ही विश्वस्त, रिपोर्ट मंजूर व्हायची वाट बघत संस्थेचा कारभार थांबत नाही, मुंबई हायकोर्टाने हे सांगितलेलं आहे. पण व्यवहारात बँक उतारा मागते, वकील वकालतनाम्यासाठी ठराव मागतो, आणि समोरचा वकील कोर्टात पहिला प्रश्न हाच विचारतो की तुम्ही कोणत्या अधिकाराने हजर झालात. म्हणून ठराव, सभेची नोटीस, हजेरी, प्रोसिडिंग बुकाची नक्कल आणि चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच एवढं कायम एका फाइलीत ठेवा.

आपल्याकडच्या बहुतेक शिक्षण संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि विश्वस्त कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. अशा संस्थेच्या वतीने दावा कोणाच्या नावाने चालायचा, अध्यक्षांच्या की सचिवांच्या, ते संस्थेच्या घटनेत बघावं लागतं. नुसता ट्रस्ट असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३१ प्रमाणे साधारणपणे सगळ्या विश्वस्तांना पक्षकार करावं लागतं. आणि दावा चालू असताना विश्वस्त बदलले तर आदेश २२ नियम १० खाली नव्यांनी कोर्टाची परवानगी घेऊन रेकॉर्डवर यायचं असतं. हा अर्ज साधा आहे पण द्यायला विसरतात, मग जुन्या, कधी कधी वारलेल्या माणसाच्या नावाने तारखा पडत राहतात.

संस्थेत दोन गट असतील तर अजून एक गोष्ट ध्यानात घ्या. मराठवाड्यात हे काही नवीन नाही, एका संस्थेचे दोन अध्यक्ष आणि दोन चेंज रिपोर्ट मी स्वतः पाहिलेत. खरा विश्वस्त कोण हा वाद धर्मादाय कार्यालयात चालतो आणि जे प्रश्न त्या कार्यालयाकडे सोपवलेत त्यात दिवाणी कोर्टाला विश्वस्त कायद्याच्या कलम ८० ने मज्जाव आहे. कर्जाच्या करारात मुंबई लिहिलंय म्हणून हा घरचा वाद मुंबईला जात नाही. आणि उलट बाजूने, आपला वाद धर्मादायकडे पडून आहे म्हणून हप्ताही थांबत नाही. दोन्ही गटांनी “आमचं ठरू द्या, मग बघू” म्हणून कर्जाकडे पाठ फिरवली की व्याज दोन्ही गटांच्या शाळेवर चढतं.

आता कलम वाचा, ते तीनपैकी कोणत्या जातीचं आहे

पहिली जात साधी: “या करारातून होणारे वाद फक्त अमुक शहराच्या कोर्टात.” अशा कलमाबद्दल कायदा बराच स्थिर आहे. जिथे प्रतिवादी राहतो, धंदा करतो किंवा जिथे वादाचं कारण पूर्ण किंवा अंशतः घडलं तिथल्या कोर्टात दावा चालू शकतो, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २०. अशी दोन-तीन ठिकाणं कायद्याने उपलब्ध असतील तर त्यातलं एक निवडायला दोन्ही पक्ष मोकळे आहेत, हे सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये हाकम सिंग प्रकरणात सांगितलं. आणि करारात “फक्त” हा शब्द नसला तरी एका शहराचं नाव लिहिलंय म्हणजे बाकीची वगळायचा हेतू होता असं धरता येतं, हे २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस निकालात आलं. त्यामुळे “आमच्या करारात ‘फक्त’ नाही, मग चालतंय की” असं कोणी सांगितलं तर तेवढ्यावर विसंबू नका.

पण ह्याची दुसरी बाजू नव्या माणसांना कोणी सांगत नाही. ज्या कोर्टाला कायद्याने अधिकारच नाही त्याला करार करून अधिकार देता येत नाही. निवड करायची ती मुळात पात्र असलेल्या कोर्टांमधूनच. म्हणजे बघा, कर्ज बीडला मंजूर, सह्या बीडला, पैसे बीडच्या खात्यात, हप्ते बीडमधून, आणि करारात तिसऱ्याच राज्यातलं शहर, जिथे कंपनीचं काही घडलंच नाही, तर त्या शहरावर आक्षेप घ्यायला जागा आहे. कंपनीचं मुख्य कार्यालय तिथे असेल, करार तिथे मंजूर झाला असं लिहिलं असेल, हप्ते तिथे जमा होत असतील तर आक्षेप कमजोर होतो. म्हणून सह्या कुठे झाल्या, चेक कुठून निघाला, मंजुरीपत्रावर कोणत्या गावाचं नाव आहे हे बारीकसारीक टिपून ठेवा, सगळा मुद्दा ह्याच तपशिलावर फिरतो.

स्थावर मिळकतीला तर वेगळाच नियम आहे. गहाणाच्या दाव्याला संहितेचं कलम १६ लागतं, मिळकत जिथे तिथलं कोर्ट. २००५ मध्ये हर्षद मोदी विरुद्ध डीएलएफ या प्रकरणात करारात दिल्ली लिहिलेलं होतं, मिळकत गुडगावला होती, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिल्लीच्या कोर्टाला अधिकारच नाही, पक्षकारांची संमती असली तरी नाही. शाळेची इमारत गहाण असेल आणि दिवाणी कोर्टात गहाणाचा दावा आला तर हा निकाल वकिलाला आठवण करून द्या.

दुसरी जात लवादाची, आणि बस, ट्रॅक्टर, जेसीबीच्या कर्जात जास्त करून हीच सापडते. “वाद झाल्यास कंपनी नेमेल तो लवाद, बैठक चेन्नई किंवा मुंबई.” इथे बैठकीचं ठिकाण म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘सीट’ असेल तर लवादासंबंधीचे कोर्टाचे अर्ज त्याच शहरात चालतात, वादाचं कारण तिथे घडलेलं असो वा नसो. २०१७ च्या इंडस मोबाइल निकालापासून हे स्पष्ट आहे. म्हणजे वर सांगितलेला “तिथे काही घडलंच नाही” हा मुद्दा लवादाच्या कलमात तसाच चालत नाही, हा फरक नीट समजून घ्या, मला समजायला दोन महिने गेले.

पण लवाद नेमायचा कोणी ह्यावर तुमच्या बाजूने भक्कम कायदा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हितसंबंध असलेल्याला लवाद होऊ न देणारं लवाद कायद्याचं कलम १२(५) आलं, २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्याचा वादाच्या निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अशा एकतर्फी नेमणुकीच्या कलमांबद्दल तेच तत्त्व उचलून धरलं. तुम्ही हा आक्षेप सोडून दिला असं धरायला वाद उभा राहिल्यानंतरचा तुमचा स्पष्ट लेखी करार लागतो, नुसतं गप्प बसल्याने तो जात नाही. तरीही गप्प बसू नका. पहिल्याच पत्रात लिहा की नेमणूक आम्हाला मान्य नाही. लवादापुढे अधिकाराचा आक्षेप घ्यायचा असेल तर तो बचावाचं निवेदन द्यायच्या आधी किंवा फार तर त्याच्यासोबत घ्यावा लागतो, लवाद कायद्याच्या कलम १६ प्रमाणे. आणि इमारतीच्या गहाणाची विक्री करून वसुली हा विषय लवादाकडे जात नाही, २०११ च्या बूझ ॲलन निकालात ते सांगितलंय.

तिसरी जात करारात लिहिलेली नसते, ती कायद्यातून येते. बँकेने किंवा पात्र फायनान्स कंपनीने सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) तारणावर कारवाई केली तर दिवाणी कोर्टाची वाट कलम ३४ ने बंद होते आणि जायचं असतं कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे. आपल्यासाठी तो छत्रपती संभाजीनगरला आहे, कागदोपत्री अजून औरंगाबाद डीआरटी असंही दिसेल, गोंधळू नका. २०१६ च्या दुरुस्तीने कलम १७(१अ) आलं, त्याप्रमाणे तारण जिथे आहे, वादाचं कारण जिथे घडलं किंवा खातं ज्या शाखेत आहे तिथल्या डीआरटीत अर्ज करता येतो. करारात मुंबई लिहिलंय म्हणून अंबाजोगाईच्या इमारतीसाठी मुंबईच्या डीआरटीत पळायचं कारण नाही, कायद्यानेच जवळची जागा दिलेली आहे. मुदती मात्र कडक आहेत: कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस आली की त्या मुदतीत लेखी हरकत द्या, त्यांनी १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि ताब्याची कारवाई झाल्यावर डीआरटीत जायला ४५ दिवस. शेतजमिनीवरचा तारण हक्क सरफेसीच्या बाहेर आहे, कलम ३१ मध्ये. संस्थेच्या सातबाऱ्यावरची जमीन खरोखर शेतीखाली आहे की नुसती नावाला, ह्यावर तिथे जोरदार वाद होतो, तेव्हा पीकपाहणीच्या नोंदी आधीच काढून ठेवा.

ग्राहक आयोगाचं बरेच जण विचारतात. स्वतःच्या नावाने घर किंवा गाडीचं कर्ज घेतलेल्या माणसाला २०१९ च्या कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे खरं. पण ट्रस्टच्या बाबतीत २०१७ मध्ये जुन्या कायद्याखाली सुप्रीम कोर्टाने ट्रस्ट तक्रारदार होऊ शकत नाही असा निकाल दिलेला आहे, म्हणून संस्थेने त्यावर भिस्त ठेवू नये.

समोरच्या बाजूचा ट्रस्टी बदलला तर

हे नवीन लोकांना सगळ्यात जास्त चकवतं. एक दिवस पत्र येतं की तुमचं कर्ज अमुक मालमत्ता पुनर्रचना कंपनीने घेतलंय, आणि नावापुढे लिहिलेलं असतं “तमुक ट्रस्टची विश्वस्त म्हणून”. ह्या कंपन्यांना एआरसी म्हणतात, त्या बुडीत कर्जं विकत घेऊन वेगवेगळ्या ट्रस्टमध्ये ठेवतात आणि स्वतः त्या ट्रस्टच्या विश्वस्त असतात. आपल्या संस्थेच्या ट्रस्टशी ह्या ट्रस्टचा काही संबंध नाही. आमच्या एका शेजारच्या संस्थेच्या अध्यक्षांना वाटलं की कोणीतरी आपल्या ट्रस्टवर नवा विश्वस्त नेमलाय, बिचारे धर्मादाय कार्यालयात चकरा मारून आले.

एआरसी जुन्या बँकेच्या जागी येते, करार तोच राहतो, सरफेसीच्या कलम ५ मध्ये हे लिहिलंय. म्हणजे न्यायक्षेत्राचं कलमही तेच. तिचं ऑफिस मुंबईला आहे एवढ्या कारणाने करारातलं “बीड” पुसून “मुंबई” होत नाही. पुढे तिने ते कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं किंवा त्या ट्रस्टची विश्वस्त बदलली तरी उत्तर तेच. आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १३२ चं तत्त्व असं आहे, की येणं विकत घेणाऱ्याला ते जुन्या सावकाराच्या सगळ्या जबाबदाऱ्यांसकट घ्यावं लागतं. बँकेने जास्तीचं व्याज लावलं होतं, भरलेले हप्ते खात्यात दाखवले नव्हते, असे जे जे आक्षेप तुम्ही बँकेविरुद्ध घेऊ शकत होतात ते नव्या मालकाविरुद्धही घेता येतात.

पत्र आलं की दोन गोष्टी मागा. एक, हस्तांतरणाच्या कागदाची प्रत, निदान तुमच्या खात्याची नोंद असलेली पानं. दोन, जुन्या बँकेचं सहीचं पत्र की कर्ज खरंच विकलंय. ते येईपर्यंत पैसे कुठे भरायचे ह्याची लेखी विचारणा करा. हस्तांतरणाची माहिती तुम्हाला नसताना जुन्या बँकेत भरलेला पैसा वाया जात नाही, त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १३० मध्ये तसं संरक्षण आहे, पण नोटीस मिळाल्यावर जुन्या खात्यात भरत राहिलात तर भांडण ओढवून घ्याल. फोनवरून खातं नंबर सांगणाऱ्या वसुलीवाल्याला एक रुपयासुद्धा देऊ नका.

“फक्त सह्या बदलायच्यात” असं म्हणतील तेव्हा

इथे थांबा आणि नीट वाचा. आमची नवी कार्यकारिणी बसल्यावर फायनान्स कंपनीचा माणूस शाळेत आला, म्हणाला सर, नवीन ट्रस्टींच्या सह्या लागतात, फॉर्मॅलिटी आहे. चौदा पानं होती. पहिल्या दोन पानांवर खरंच नावांचा बदल होता. पुढे लिहिलं होतं की जुना करार आणि हा पुरवणी करार ह्यात फरक पडल्यास हा करार वरचढ राहील, मग नवं लवादाचं कलम, नवी जागा, आणि नव्या सगळ्या विश्वस्तांची वैयक्तिक हमी. आमच्या दुसऱ्या एका कर्जाच्या जुन्या करारात बीडचं कोर्ट होतं, ते त्या चौदा पानांत गेलं असतं.

म्हणून असं करा. नावं बदलायला सहसा ठराव, नवी सह्यांची ओळख आणि उताऱ्याची नक्कल एवढं पुरतं, तेवढंच द्यायची तयारी दाखवा. पुरवणी करार लागतोच म्हणाले तर घरी न्या, जुन्या कराराशेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहा. न्यायक्षेत्र, लवाद, व्याजदर, हमी आणि “वरचढ राहील” हे शब्द शोधा. मग लेखी कळवा की विश्वस्तांच्या नावापुरता बदल मान्य, मूळ कराराच्या बाकी अटी आहेत तशा राहतील. हे एक वाक्य पुरवणी करारात घालून घ्या. नवीन कर्ज किंवा पुनर्रचना मागायची असेल तेव्हा तर उलट तुमच्याकडे बोलायची जागा असते, तेव्हा “छत्रपती संभाजीनगर किंवा बीडची कोर्टं” असं लिहून मागा, लवाद ठेवायचाच असेल तर दोघांच्या संमतीने नेमलेला आणि बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी. प्रत्येक वेळी मिळेल असं नाही, पण मागितल्याशिवाय कधीच मिळत नाही. आणि ही चर्चा, कोणत्या अटी मान्य केल्या, कोणत्या नाही, ते सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.

जुन्या विश्वस्तांच्या हमीचं काय

राजीनामा दिला की हमी संपते असं बऱ्याच ज्येष्ठ मंडळींना वाटतं, तसं नाही. विश्वस्तपद वेगळं, वैयक्तिक हमी वेगळी. बँकेने लेखी मुक्त केल्याशिवाय जुन्या हमीदाराची जबाबदारी झालेल्या कर्जापुरती उरतेच, आणि हमीदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच असते, करार कायद्याचं कलम १२८. पण नव्या कार्यकारिणीने हमीदारांना न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर कलम १३३ प्रमाणे त्या बदलानंतरच्या व्यवहारापुरता हमीदार सुटू शकतो, हमीपत्रात त्याने हा हक्क आधीच सोडलेला नसेल तर. म्हणून पुरवणी करार करताना जुन्या मंडळींना कळवणं हे माणुसकीचंही आहे आणि कायद्याचंही. हयातभर शाळेसाठी राबलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला दुसऱ्या राज्यातून समन्स यावं आणि त्याला काहीच माहीत नसावं, हे फार वाईट वाटतं बघा.

नोटीस आलीच तर

तारीख, पाकिटावरचा शिक्का आणि कोणी घेतलं ते लगेच लिहून ठेवा, पाकीट फेकू नका. कोर्टाचं समन्स असेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकून केस खरी आहे का, पुढची तारीख काय ते दहा मिनिटांत कळतं. “आमच्यावर तिथल्या कोर्टाचा अधिकार नाही” म्हणून हजरच न होणं ही सगळ्यात महाग चूक. अधिकाराचा आक्षेप हजर होऊनच घ्यायचा असतो आणि पहिल्याच संधीला, कोर्टाने वादाचे मुद्दे काढायच्या आत, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २१ तेच सांगतं. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला साध्या दाव्यात ३० दिवस, कोर्टाने वाढवले तर ९० पर्यंत. दावा व्यावसायिक स्वरूपाचा असेल तर १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो. कैफियतीत पहिला परिच्छेद न्यायक्षेत्राचा ठेवा, पण बाकीचा हिशेबाचा बचावही त्यातच पूर्ण लिहा, आक्षेप फेटाळला गेला तर हातात काहीतरी असलं पाहिजे.

लवादाची नोटीस असेल तर उत्तर स्पीड पोस्टाने आणि ईमेलने दोन्ही पाठवा: नेमणूक मान्य नाही, कराराची प्रत द्या, आणि सुनावणी चालणारच असेल तर व्हिडिओवर घ्या. एकतर्फी निवाडा झालाच असेल तर तो हातात पडल्यापासून ३ महिन्यांत तो रद्द करून मागायचा, लवाद कायद्याच्या कलम ३४ चा अर्ज, त्यावर फार तर ३० दिवस मिळतात, पुढे कोर्टालाही मुदत वाढवता येत नाही. आणि तो अर्ज सीटच्या शहरात करावा लागतो हे लक्षात ठेवून तिथला वकील शोधायला लागा. निवाड्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, मात्र तुमची मालमत्ता जिथे आहे तिथे थेट दाखल होऊ शकते, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय, म्हणून “चेन्नईचा कागद इथे काय करणार” असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, जप्तीचा बेलीफ अंबाजोगाईचाच असतो. परराज्यातला साधा दिवाणी दावा असेल तर तो इकडे वर्ग करून मागायचा अर्ज सुप्रीम कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली करता येतो, खर्चिक आहे, पण मोठ्या रकमेला विचार करण्यासारखा.

आमच्या बसचं प्रकरण शेवटी तडजोडीत मिटलं. आम्ही नेमणुकीवर लेखी आक्षेप घेतला, खात्याचा उतारा मागितला, त्यात दोन हप्ते जमाच दाखवले नव्हते ते निघाले, मग कंपनी बोलायला तयार झाली. तडजोडीच्या कागदावरही शेवटच्या पानावर परत चेन्नई होतंच, ते खोडून बीड लिहून घेतलं आणि दोन्हीकडच्या सह्या त्या खोडलेल्या ओळीशेजारी घेतल्या.

राहिलं एक काम, ते हा लेख वाचून झाल्यावर आजच करा. संस्थेची जेवढी कर्जं आहेत तेवढ्या सगळ्या बँका, कंपन्या आणि एआरसींना संस्थेच्या लेटरहेडवर पत्र पाठवा: विश्वस्त बदलले, ही नवी नावं, पत्रव्यवहार अमुक पदाधिकाऱ्याच्या नावाने शाळेच्या पत्त्यावर आणि या ईमेलवर करावा. सोबत ठरावाची नक्कल जोडा, पोच फाइलीला लावा, आणि शिपायाला सांगून ठेवा की सही करून घ्यायचं टपाल कोणाच्याही नावाचं असो, त्याच दिवशी सचिवांच्या टेबलावर आलं पाहिजे.